ग्लासातून येणारा उजेड: पेयांची फोटोग्राफी आणि जाहिरातपट यांबद्दल मला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

गेली १६ वर्षं मी नाशिकमध्ये राहून पेयांचे फोटो काढते आहे. त्यातली शेवटची ७ वर्षं जाहिरातपटांचं दिग्दर्शनही करते. सरबत, ताक, चहा, ज्यूस, सोडा, वाइन आणि नुसतं बाटलीतलं पाणी, सगळं यात आलं. कॉलेजातली मुलं, हॉटेलवाले, नवा ज्यूस बाजारात आणणारे उद्योजक आणि आमच्या सोसायटीतल्या काकू, सगळ्यांचे प्रश्न बरेचसे सारखे असतात. त्यांची उत्तरं इथे सवडीने लिहिते आहे.

तुमचं नेमकं काम काय? बाटलीचा फोटो काढायला असं काय लागतं?

बाटली ही वस्तू म्हणून बघितली तर फार अवघड आहे. भांड्याचा किंवा कापडाचा फोटो काढताना त्यांच्यावर उजेड पाडला की ती दिसतात. काचेवर उजेड पाडलात तर काच दिसत नाही, काचेत दिव्याचं प्रतिबिंब दिसतं. कॅमेरा दिसतो, खिडकी दिसते, माझा हात दिसतो. त्यात आतला पातळ पदार्थ भिंगासारखा वागतो आणि मागचं सगळं उलटं करून दाखवतो. म्हणून पेयाचा फोटो म्हणजे बहुतेक वेळा मागून येणारा उजेड आणि बाजूला लावलेले काळे-पांढरे पुठ्ठे. काचेची कड ठसठशीत हवी असेल तर पांढऱ्या पडद्यासमोर बाटली ठेवून दोन्ही बाजूंना काळे पुठ्ठे लावायचे. कड चमकती हवी असेल तर बरोबर उलटं करायचं, मागे काळं आणि बाजूंना उजेड. हे दोन प्रकार हाताला बसले की निम्मं काम आलं. उरलेलं निम्मं म्हणजे पुसणं. दिवसाच्या कामात दोन-तीन तास सुती हातमोजे घालून काच पुसण्यातच जातात.

तुम्ही या कामाकडे कशा वळलात?

आमच्या दादांची (वडिलांना आम्ही दादा म्हणतो) नाशिकरोडला, बिटको चौकाच्या पुढे रसवंती होती. चरकाला घुंगरं बांधलेली असायची. नोटा छापणारी प्रेस सुटली की कामगारांच्या सायकलींची रांग लागायची. मी शाळेतून थेट तिथे जायची आणि ग्लास विसळायची. दुपारी चार-साडेचारला पश्चिमेकडून ऊन यायचं, फळीवर ओळीने मांडलेल्या ग्लासांच्या मागून. ताज्या रसाचा तो पोपटी रंग त्या वेळी आतून पेटल्यासारखा दिसायचा. तोच ग्लास पुढच्या बाजूने बघितला तर मळकट. हे मला दहाव्या-अकराव्या वर्षी दिसलं आणि ते डोक्यातून गेलं नाही.

पुढे गंगापूर रोडच्या कॉलेजात फिजिक्स घेऊन बी.एस्सी. केलं. पंचवटीतल्या एका स्टुडिओत लग्नाचे अल्बम लावायला जात होते. एकदा एका हॉटेलवाल्या काकांना मेनू कार्डासाठी कोकम सरबताचा फोटो हवा होता आणि स्टुडिओत दुसरं कुणी नव्हतं. मी ग्लास उचलून खिडकीपाशी नेला, मागे पोस्टकार्डाएवढा पांढरा कागद टेकवला. फोटो बघून काका म्हणाले, "पोरी, हे प्यावंसं वाटतंय." मला अजूनही कामाची यापेक्षा मोठी पावती माहीत नाही.

त्यासाठी कुठे शिकावं लागतं?

मुंबईचं सर जे. जे. उपयोजित कला महाविद्यालय आहे, पुण्याची एफटीआयआय ही चित्रपट शिकवणारी संस्था आहे. जाता आलं तर नक्की जा, तिथे मिळणारी सोबत आणि शिस्त आयुष्यभर पुरते. मला घरच्या परिस्थितीमुळे जाता आलं नाही. मी दोन वर्षं मुंबईत एका टेबलटॉप (टेबलावर मांडलेल्या खाण्यापिण्याच्या वस्तूंचं चित्रण करणाऱ्या) दिग्दर्शकांकडे सहायक म्हणून काम केलं. पहिले आठ महिने कॅमेऱ्याला हात लावला नाही, फक्त ग्लास धुतले. डिस्टिल्ड पाण्याने धुवायचे, कारण आपल्या नळाच्या पाण्यातले क्षार वाळले की पांढरा डाग ठेवतात. फिजिक्सचा मला खरा उपयोग झाला. आपतन कोन आणि परावर्तन कोन सारखे असतात हे वाक्य आपण परीक्षेपुरतं पाठ करतो. माझं घर त्यावर चालतं.

बाटलीवरचे थेंब खरे असतात का?

बहुतेक वेळा नसतात आणि त्याला कारण आहे. आम्ही त्याला बाटलीचा "घाम" म्हणतो. हवेतली वाफ थंड काचेवर जमते तेव्हा घाम येतो, म्हणजे तो हवेवर अवलंबून असतो. नाशिकला डिसेंबर-जानेवारीत हवा कोरडी असते. फ्रीजमधून काढलेली बाटली टेबलावर ठेवली तरी कोरडीच राहते. जुलैत तीच बाटली दोन मिनिटांत निथळायला लागते, लेबल भिजतं, खाली डबकं होतं. एका चित्रासाठी पाच-सहा तास सारखेच थेंब लागतात, ते निसर्ग देत नाही.

म्हणून आधी लेबलवर कागद चिकटवून ते झाकायचं. बाटलीवर मॅट वार्निशचा अगदी पातळ फवारा मारायचा. तो वाळला की ग्लिसरीन आणि पाणी निम्मं-निम्मं घेऊन बारीक स्प्रेने मारायचं. ग्लिसरीन सहजासहजी उडून जात नाही, त्यामुळे थेंब तासन्‌तास जागचे हलत नाहीत. मोठे थेंब हवे असतील तर सिरिंजच्या बारीक सुईने एकेक ठेवायचा. एक गोष्ट मात्र नवे लोक हमखास चुकतात. खऱ्या बाटलीला घाम येतो तो आतल्या थंड पेयाच्या पातळीपर्यंत. वरच्या रिकाम्या मानेला फारसा येत नाही. मानेपर्यंत सरसकट फवारा मारलात तर बघणाऱ्याला चूक सांगता येत नाही, पण त्याला ते पटत नाही. मी पातळीच्या वर कागद गुंडाळते आणि फवारा संपतो तिथली रेघ ब्रशने मोडते.

बर्फ खरा असतो की प्लास्टिकचा?

दोन्ही. यात एक गंमत आहे जी मला फार आवडते. खऱ्या बर्फाचा अपवर्तनांक, म्हणजे त्यातून जाताना उजेड किती वाकतो त्याचं माप, १.३१ आणि पाण्याचा १.३३. दोन्ही इतके जवळ आहेत की अगदी स्वच्छ बर्फ पाण्यात टाकला की तो जवळजवळ नाहीसा होतो. ॲक्रिलिकचा अपवर्तनांक १.४९. म्हणून ॲक्रिलिकचा तुकडा पाण्यात ठळक दिसतो आणि "बर्फासारखा" वाटतो, खऱ्या बर्फापेक्षाही जास्त. पण तो पाण्यापेक्षा जड असल्याने बुडतो. खरा बर्फ तरंगतो. तेव्हा ॲक्रिलिक वापरायचं तर तळापासून एकावर एक रचत वर आणावं लागतं, वरचा तुकडा पृष्ठभागाच्या थोडा वर डोकावेल असं. सरबतासारख्या साखरेच्या पाण्यात हा हिशेब पुन्हा बदलतो, कारण साखर वाढली की अपवर्तनांक वाढतो.

जाहिरातपटात ग्लास हलतो, चमचा फिरतो, तिथे मी खराच बर्फ घेते. त्याचा आवाज आणि त्याचं वागणं दुसऱ्या कशाला येत नाही. घरच्या ट्रेमधला बर्फ मधोमध पांढरा होतो, कारण तो चहूबाजूंनी गोठतो आणि आतली हवा मध्यभागी कोंडली जाते. थर्माकोलच्या खोक्यात पाणी भरून, झाकण न लावता डीप फ्रीजरमध्ये ठेवा. तो फक्त वरून खाली गोठेल आणि हवा तळाकडे ढकलली जाईल. तळ गोठायच्या आत बाहेर काढा, वरचा ठोकळा काचेसारखा निघतो. करवतीने कापा. हा बर्फ आम्ही शूटच्या दोन दिवस आधीपासून लावतो.

मग ही फसवणूक नाही का?

हा प्रश्न विचारलाच पाहिजे. माझा नियम असा: जे विकलं जातंय ते खरं असलं पाहिजे. थेंब विकले जात नाहीत, बर्फ विकला जात नाही. ज्यूस विकला जातोय, तर ग्लासात तोच ज्यूस, त्याच रंगाचा, त्याच दाटपणाचा. मी सुरुवातीच्या काळात एकदा हा नियम मोडला. एका आंब्याच्या पेयाचं काम होतं. मूळ पेय फिकट होतं आणि मला सांगण्यात आलं की थोडा रंग घाला. मी घातला. आठवड्याने माझ्या भाचीने दुकानातून तीच बाटली आणली, ग्लासात ओतली आणि म्हणाली, "मावशी, फोटोत वेगळं होतं." तिला मी काही उत्तर देऊ शकले नाही. तेव्हापासून रंग घालत नाही, काम गेलं तरी चालेल.

कायदाही आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर कारवाईची तरतूद आहे. खाद्यपदार्थांच्या जाहिराती आणि दाव्यांसाठी एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेचे २०१८ चे वेगळे नियम आहेत. जाहिरात क्षेत्राची स्वतःची एएससीआय ही संस्था १९८५ पासून आहे. क्लायंट अडून बसला तर मी हे त्याच्यासमोर ठेवते, बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं.

रेड वाइन फोटोत काळी येते. काय करू?

ग्लास एक तृतीयांशच भरा. मागे, ग्लासाच्या आकारापेक्षा किंचित लहान कापलेला चंदेरी पुठ्ठा तिरका टेकवा, कॅमेऱ्याला तो दिसता कामा नये. मागून येणाऱ्या दिव्याचा उजेड त्यावर आपटून वाइनमधून पुढे येईल आणि माणकासारखा रंग उघडेल. बरेच जण वाइनमध्ये पाणी घालतात. मी घालत नाही, कारण वर सांगितलं तेच, रंग हा त्या वाइनचा गुण आहे.

स्पार्कलिंग वाइनबद्दल एक जोड. ग्लास जितका निर्मळ, तितके बुडबुडे कमी. बुडबुड्याला जन्म घ्यायला काचेवर ओरखडा किंवा धुळीचा एखादा तंतू लागतो. तासभर पुसून लख्ख केलेल्या ग्लासात वाइन ओतली आणि ती मुकाट पडून राहिली, असं माझ्या डोळ्यांसमोर झालं आहे. आता मी तळाला आतून सुईने एक बारीक ओरखडा काढून ठेवते, तिथून मोत्यांची सर सुटते.

चहाची वाफ दिसतच नाही!

मागे गडद रंग, वाफेच्या मागून उजेड, आणि खोली थंड. एसी आधी तासभर लावून ठेवा. हिवाळ्यात मी पहाटे साडेसहाला शूट लावते, निफाडकडचा गारठा अंगावर घेत. चहा मात्र मिनिटभरात सायीने झाकला जातो, म्हणून कडेला बुडबुडे आहेत तोवर फोटो झाला पाहिजे. आमच्याकडे एक मावशी आहेत, त्या एका शूटला वीस-पंचवीस वेळा चहा करतात आणि प्रत्येक वेळी रंग सारखा येतो. त्यांना मी फूड स्टायलिस्टचं (चित्रणासाठी पदार्थ तयार करून सजवणाऱ्याचं) मानधन देते, कारण त्या तेच काम करतात.

ताक, मठ्ठा, लस्सी?

यातून उजेड आरपार जात नाही, तेव्हा मागचा दिवा इथे कुचकामी. बाजूने उजेड घ्या, वरच्या फेसाची आणि कोथिंबिरीची सावली पडू द्या. आणि घाई करा, ताक चोथापाणी होतं.

फोटोग्राफरची दिग्दर्शक कशी झालात?

फोटोत मी क्षण थांबवते. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात हॅरल्ड एजर्टन यांनी १९५७ साली दुधाचा थेंब पडल्यावर उठणारा मुकुट टिपला, तो फोटो मी विद्यार्थिनी असताना पाहिला आणि खूप दिवस त्याच्यामागे लागले. शिंतोडा गोठवायचं काम शटर करत नाही, फ्लॅश करतो. कमी ताकदीवर चांगला फ्लॅश सेकंदाचा दहा हजारावा भाग एवढाच वेळ चमकतो. पण पुढे वाटायला लागलं की रस ग्लासात पडतो तेव्हाचा सगळा प्रवासच सुंदर आहे, मी त्यातला एकच तुकडा का ठेवते?

मग हाय-स्पीड कॅमेरा. सेकंदाला १००० फ्रेम घेऊन २५ ने दाखवल्या तर एका सेकंदाचे ४० सेकंद होतात. त्या बदल्यात उजेड ४० पट लागतो, कारण प्रत्येक फ्रेमला मिळणारा वेळ तितका कमी होतो. साधे दिवे चालत नाहीत. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दिवा सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतो. डोळ्याला कळत नाही, या कॅमेऱ्याला कळतं आणि सगळा शॉट धडधडतो. आणि सगळ्यात विलक्षण गोष्ट म्हणजे बटण आधी दाबायचं नसतं. कॅमेरा आपल्या स्मृतीत सतत गोल फिरत चित्र भरत असतो. रस ओतून झाला, शिंतोडा उडून गेला, मग बटण दाबायचं आणि तो मागचे काही सेकंद राखून ठेवतो. पहिल्या दिवशी माझा हात सवयीने आधीच दाबत होता. सकाळभराचे शॉट वाया गेले तेव्हा सवय मोडली.

दिग्दर्शनात यापेक्षा अवघड आहे ते माणसांना एका लयीत आणणं. ओतणारा, दिवेवाला, कॅमेरावाला, पुसणारा. "ओत" म्हटल्यावर ओतायचं असतं, म्हणायच्या आधी नाही. आमच्या टीममधल्या ओतणाऱ्या भाऊंचा हात इतका स्थिर आहे की यंत्राने ओतायची गरज मला क्वचितच भासते.

इथे एक आठवण सांगावीशी वाटते. दादासाहेब फाळके आपल्या त्र्यंबकेश्वरचे, जन्म १८७० चा. कथापट करण्याआधी, १९१२ साली, त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक फ्रेम घेत टिपली होती, भांडवल देणाऱ्याला विश्वास वाटावा म्हणून. कुंडीतलं एक रोप, एक कॅमेरा आणि रोज थांबण्याची तयारी. टेबलावरचं चित्रण आपल्याकडे तेव्हाच सुरू झालं असं मी मानते. पांडवलेणीच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे, नव्या सहायकाला मी पहिल्या आठवड्यात तिथे घेऊन जाते.

दारूच्या जाहिराती करता का? घरच्यांना चालतं?

दारूची जाहिरात टीव्हीवर करायला बंदी आहे. केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, १९९४ मध्ये ते स्पष्ट लिहिलं आहे, आणि महाराष्ट्राचा दारूबंदी कायदा १९४९ चा आहे. नाव तेच ठेवून सोडा किंवा ग्लास दाखवायचे जे प्रकार चालतात, ते मी करत नाही. वायनरीचं लेबल, टेस्टिंग रूममधलं कार्ड, द्राक्षापासून बाटलीपर्यंतची माहिती, असं काम घेते, तेही वकिलाला दाखवून.

घरच्यांचं विचाराल तर आई दोन वर्षं गप्प होती. तिचे भाऊ दिंडोरीकडचे द्राक्षवाले. एकदा मामांच्या ओळखीतल्या बागाईतदाराच्या वाइन द्राक्षांचं शूट होतं. आई डबा घेऊन आली आणि संध्याकाळपर्यंत थांबली. एकेका घडाला जपून हात लावताना तिने मला बघितलं. घरी जाताना फक्त एवढंच म्हणाली, "लेबल सरळ लाव, मघाशी तिरकं होतं." तेव्हापासून विषय निघालेला नाही.

नाशिकला राहून काम मिळतं? मुंबईला का गेला नाहीत?

मोठे जाहिरातपट अजूनही मुंबईतच होतात आणि मी त्यांच्यासाठी जाते. पंचवटी एक्स्प्रेसने वर्षानुवर्षं गेले. ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाल्यापासून काचसामान गाडीत टाकून जाणंही सोपं झालं, कसारा घाटातल्या हादऱ्यांनी पूर्वी दर खेपेला एखादा ग्लास जायचा. पण माझा स्टुडिओ सातपूरला आहे आणि तो इथेच राहणार. अंबड-सातपूरच्या वर्कशॉपमध्ये मला हवी ती पट्टी, नळी, फिरता स्टँड दोन दिवसांत बनवून मिळतो. ओतण्याचं माझं लोखंडी रिग तिथल्याच एका टर्नरकाकांनी कागदावरच्या चित्रावरून केलं. अर्ध्या तासावर द्राक्षबागा आहेत, गंगापूर धरणाचं पाणी आहे. यापेक्षा पेयाच्या फोटोग्राफरला आणखी काय हवं?

द्राक्षबागेत शूट कधी करावं?

जानेवारी ते मार्च, काढणीच्या दिवसांत. दरवर्षी कुणीतरी ऑगस्टमध्ये फोन करून भरलेले घड मागतं. आपल्याकडे एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी (नव्या फांद्यांसाठी) आणि ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी (फळासाठी) होते, पावसाळ्यात बागेत नुसता पाला असतो. बागेत गेलात तर मण्यांना बोट लावू नका. मण्यावर पांढुरका मेणासारखा थर असतो, बोट लागलं की तो पुसला जातो आणि डाग पडतो. घड नेहमी देठाला धरावा. औषधाची फवारणी कधी झाली तेही शेतकरी दादांना विचारून घ्या आणि त्यांच्या कामाच्या वेळेत मध्ये येऊ नका. गारपिटीचा अंदाज असेल त्या दिवशी तर फोनसुद्धा करू नये, त्यांचा जीव टांगणीला असतो.

पैसे वेळेवर मिळतात का?

नेहमी नाही. चार वर्षांपूर्वी एका एजन्सीने तीन दिवसांचं काम करून घेतलं आणि ११ महिने पैसे दिले नाहीत. दिवेवाल्यांचे आणि मावशींचे पैसे मी सोनं गहाण ठेवून दिले. तेव्हापासून निम्मी रक्कम आधी, उरलेली अंतिम फाइल देण्यापूर्वी, आणि हे लेखी. नव्या मुलांना मी हात जोडून सांगते, ओळखीचं काम असलं तरी कागद करा. संकोचापायी आपल्या हाताखालच्या माणसांची मजुरी अडकते.

सुरुवातीला काय विकत घ्यावं?

कॅमेरा असेल तो चालेल, मोबाइलही. एक दिवा, ट्रेसिंग पेपर, काळे आणि पांढरे पुठ्ठे, ट्रायपॉड, ग्लिसरीनची बाटली, सुती हातमोजे. ग्लास मात्र चांगले घ्या. स्वस्त ग्लासाच्या बाजूला साच्याची रेघ असते, ती कुठल्याही उजेडात लपत नाही. रविवार कारंजा, भद्रकालीच्या भांड्यांच्या दुकानांत उन्हात धरून एकेक ग्लास निवडा, दुकानदार चिडत नाहीत.

दादांच्या रसवंतीचा फोटो काढलात का?

काढला, पण फार उशिरा. उसाचा रस हे मी काढलेलं सगळ्यात अवघड पेय आहे. काढल्याबरोबर हवेशी गाठ पडते आणि तो काळवंडायला लागतो, कापलेलं सफरचंद तपकिरी पडतं तसाच. लिंबू पिळलं की ते थोडं लांबतं, म्हणून रसवंतीत लिंबू आणि आलं उसाबरोबरच चरकात जातं. फेसही बसतो. तीन-चार मिनिटं मिळतात.

दादांनी रसवंती बंद करायचं ठरवलं त्या वर्षी, मे महिन्यात, मी कॅमेरा घेऊन गेले. दिवा नेला नाही. फळी तीच होती. चार वाजता ऊन आलं. दादा एक ग्लास भरून द्यायचे, मी फोटो काढायचे, रंग उतरला की तो ग्लास रांगेत उभ्या असलेल्या कुणाला तरी द्यायचे आणि ते दुसरा भरायचे. सतरा ग्लास झाले. अठराव्याला त्यांनी चरक थांबवला, ग्लास स्वतः फळीवर ठेवला आणि बोटभर सरकवला, उन्हाच्या तिरपेत. मी काही सांगितलं नव्हतं. तोच फोटो सातपूरच्या स्टुडिओत दाराशी लावला आहे, आलात तर बघा.